व्हिडिओ डिलीट केले, तरी जागा का वाढली नाही?

प्रश्न : माझ्या लॅपटॉपची डिस्क २५६ जीबीची आहे. विंडोज सी ड्राइव्हमध्ये फक्त ११ जीबी शिल्लक दाखवतं. सगळे फोल्डर सिलेक्ट करून प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज १४९ जीबीच भरते. जागा हवी म्हणून नातीच्या बारशाचे २२ जीबीचे व्हिडिओ काळजावर दगड ठेवून डिलीट केले, तरी आकडा हलला नाही. बाकीची जागा गेली कुठे?
– एक निवृत्त शिक्षिका, सातारा

उत्तर : बाई, आधी हात थांबवा. आता काहीही डिलीट करू नका आणि डेस्कटॉपवरची रिसायकल बिन उघडा. आकडा हलला नाही, म्हणजे व्हिडिओ बहुतेक तिथेच आहेत. बिन रिकामी करेपर्यंत फाइल जागा अडवून बसते. व्हिडिओ निवडा, राइट क्लिक करा, रिस्टोअर म्हणा. मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि दोन-तीन चालवून बघा.

आता हिशेब. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०७ कोटींहून थोडे जास्त. म्हणून २५६ चे २३८ दिसतात. त्यातले ११ शिल्लक, म्हणजे २२७ वापरात. तुमची बेरीज १४९. फरक ७८, त्यातले २२ बिनमधले. उरले ५६.

पेजफाइल (मेमरी कमी पडली की विंडोज वापरतं ती) आणि हायबरनेशनची फाइल (लॅपटॉप झोपवताना चालू काम साठवते ती) लपलेल्या असतात, त्या काही जीबी खातात. पण माझा खरा संशय 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरवर आहे. रिस्टोअर पॉइंट, म्हणजे बिघाड झाल्यास मागे जाता यावं म्हणून विंडोजने जपलेल्या आधीच्या स्थितीच्या नोंदी, त्यात साठतात. लॅपटॉप आपला असूनही हा फोल्डर आपल्याला उघडत नाही, म्हणून तुमच्या बेरजेत तो आलाच नाही.

माझ्या थोरल्या भावाला दुकानदाराने थेट नवी डिस्क घ्यायला सांगितलं होतं. मी स्टार्टमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधलं, सी ड्राइव्ह निवडून कॉन्फिगर दाबलं. 'करंट युसेज'पुढे ४८ जीबी! 'मॅक्स युसेज'ची पट्टी ५ टक्क्यांवर ओढली, ओके केलं. थोड्या वेळाने 'धिस पीसी'मधली सी ड्राइव्हची लाल पट्टी निळी झाली. तुम्हीही हेच करा. तिथलं डिलीटचं बटण मात्र दाबू नका, सगळेच रिस्टोअर पॉइंट जातील.

एवढं करूनही मोठा फरक राहिला, तर सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये टूल्स, मग चेक. जागेची नोंद बिघडली असेल तर ती तिथे दुरुस्त होते. पण बारशाचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर उतरल्याशिवाय यातलं काहीच सुरू करू नका.