तोतलाडोह भरलं, मग टँकर का?

प्रश्न : आम्ही नागपूरजवळ बेसा भागात फ्लॅट घेतला. बोअर मार्चमध्येच आटते, मग टँकर. नागपूरला पाणी देणारं तोतलाडोह धरण भरलेलं असूनही नळाला पाणी का नाही? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, धरणातलं पाणी घरात यायला शुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी आणि वस्तीजवळ उंच टाकी लागते. तुमच्याकडे इमारती आधी उभ्या राहिल्या, हे सगळं मागून. मी पाणीपुरवठ्याच्याच खात्यात नोकरी केली. लेआउट म्हणजे प्लॉट पाडताना पाण्याचं कोणी विचारत नाही, याचा मला आजही राग येतो.

धरणावरही फार विसंबू नका. ते ज्या पेंच नदीवर आहे, ती मध्य प्रदेशातून येते आणि तिथे वरच्या बाजूला चौराई धरण झालंय, त्यात पाणी अडतं. २०१९च्या जुलैत नागपूरला दिवसाआड पाणी होतं.

बोअर आणखी खोल नेऊ नका. आपल्याकडे खाली कातळ, पाणी फक्त भेगांत. त्यापेक्षा गच्चीवरचं पावसाचं पाणी वाळू-गिट्टीतून गाळून बोअरजवळ जिरवा, मृगाच्या आधीच खड्डा तयार ठेवा. आणि सोसायटीतर्फे अर्ज द्या : आमची टाकी कोणत्या योजनेत आहे, काम कधी पूर्ण होणार? उत्तर लेखीच घ्या.