मुरूम लागेपर्यंत खणायचं

सलाम. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तीन वर्षांपूर्वी विश्वासात आलात, बाप्तिस्मा घेतला, पहिलं वर्ष नुसता आनंद होता, आता नोकरी गेलीय, प्रार्थनेला बसलं की मन कोरडं, आणि मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं, कुणीतरी म्हणालं की तुमचा विश्वासच कच्चा म्हणून हे झालं. आणि मग विचारलंय की ख्रिस्ती जीवनाचा पाया पक्का कसा करायचा.

आधी ते मंडळीतलं बोलणं मनातून काढून टाका. नोकरी गेली म्हणजे विश्वास कच्चा, असं शास्त्रात कुठंही नाही. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, सातव्या अध्यायात, येशूने सांगितलेला दोन घरांचा दाखला आहे, एक खडकावर बांधलेलं, एक वाळूवर. नीट वाचा, पाऊस दोन्हींवर पडला, पूर दोन्हींना आला, वारा दोन्हींना लागला. खडकावर बांधणाऱ्याला प्रभूने पुरातून सूट दिलेली नाही. पुराच्या आधी रस्त्यावरून बघणाऱ्याला तर दोन्ही घरं सारखीच दिसली असणार, कारण पाया कुणाला दिसतो?

मी मिरजेत बांधकामाची कामं घेतो, वीस वर्षं झाली, त्यामुळे हा दाखला मला जरा जास्तच जवळचा वाटतो. (प्रभूला आपण सुतार म्हणतो, पण मूळ ग्रीक शब्द टेक्टन आहे, त्यात बांधकाम करणारा कारागीरही येतो, म्हणजे पाया काय असतो हे तो ऐकीव सांगत नव्हता.) आमच्याकडे बऱ्याच ठिकाणी काळी माती. मे महिन्यात तिला अशा भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो, आणि जमीन इतकी टणक की पहार आपटली तर उडते. बघणाऱ्याला वाटतं हाच खडक. जुलैत तीच माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात परत आकसते, आणि वरचं घर दरवर्षी हलत राहतं. म्हणून काळी माती ओलांडून खाली मुरूम, म्हणजे न फुगणारा कडक थर, लागेपर्यंत खणायचं असतं. एका मालकाने खर्च वाचवायला खोदाई तीन फुटांवर थांबवायला लावली होती आणि मीही मान हलवली, तेव्हा नवीन होतो. दुसऱ्या पावसाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, दार चौकटीत अडकायला लागलं. दोनदा लांबी (पुट्टी) भरून रंग मारला, भेग परत तिथंच. लूकच्या सहाव्या अध्यायात हाच दाखला आहे, त्यात त्या माणसाने खोल खणलं असं सरळ लिहिलंय. खडक वर नव्हता पडलेला, खणावं लागलं.

आता खणायचं म्हणजे काय. मी कितीतरी वर्षं समजत होतो की खडक म्हणजे मनातला जोर, भक्तीत डोळ्यात पाणी येणं, कन्व्हेन्शनला, म्हणजे मोठ्या भक्तिसभेला, अंगावर काटा येणं. पण दाखल्यात तसं नाहीये. दोघांनीही वचन ऐकलं होतं! वाळूवालासुद्धा ऐकणाराच होता. एकाने ऐकलं आणि तसं केलं, दुसऱ्याने ऐकलं आणि केलं नाही, बस एवढाच फरक सांगितलाय. आणि काय ऐकलं होतं, तर त्याच्या मागचे तीन अध्याय, पाच ते सात, डोंगरावरचं प्रवचन. भाऊ रागावला असेल तर आधी समेट कर. होय तर होय म्हण, नाही तर नाही. दान गुपचूप दे, प्रार्थना दार लावून कर, उद्याची चिंता करू नकोस, दुसऱ्याचा न्याय करू नकोस. या सगळ्याला लागूनच तो दाखला येतो.

हे मला कधी कळलं ते सांगतो, कारण याच्याशिवाय बाकीचं नुसतं बोलणं होईल. आमचं घराणं तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती, आजोबा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात वॉर्डबॉय होते, मी स्वतः शब्बाथ शाळेत (चर्चमधल्या मुलांच्या वर्गात) शिकवायचो, पोरांकडून दोन घरांचा दाखला तोंडपाठ करून घ्यायचो. आणि त्याच काळात सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोलत नव्हतो. वडलांच्या जागेच्या वाटणीवरून. पाचव्या अध्यायात लिहिलंय की अर्पण वेदीपाशी ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर, ते मला पाठ होतं, तरी दर महिन्याला प्रभुभोजन घेत होतो. मनात एकच, चूक त्याची आहे, त्याने यावं.

ऑगस्ट २०१९ ला पूर आला. तेव्हा आई आणि आम्ही सांगलीत गावभागात तळमजल्यावर राहायचो. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात पाणी शिरायच्या आधी आम्ही निघालो, आईला घेऊन एका शाळेतल्या निवारा छावणीत गेलो. आता भावाचं घर मिरजेत, जेमतेम दहा किलोमीटर, कोरडं, वर दोन खोल्या रिकाम्या. मी फोन केला नाही. चार रात्री आई बाकडी सरकवून केलेल्या जागेत सतरंजीवर झोपली, गुडघ्यांनी तिला उठता येत नव्हतं, आणि एकदाही म्हणाली नाही की त्याला फोन कर. पाचव्या दिवशी सकाळी ती एका लहान पोराला चहात बिस्कीट बुडवून भरवत होती, तिच्या स्वेटरची एक बाही अजून ओली होती, आणि ते बघताना माझ्या छातीत काहीतरी तुटलं. पुराने आमचं कपाट नेलं, फ्रिज नेला, ते जाऊदे. पण आईला छावणीत पुराने ठेवलं नव्हतं, मी ठेवलं होतं. वचन ऐकलं होतं आणि केलं नव्हतं. त्या मालकाच्या खिडकीतली भेग होती ना, तीच.

बाहेर व्हरांड्यात जाऊन फोन लावला. मला काय बोलायचं ते सुचेना, नुसतं "दादा" म्हणालो. तो म्हणाला, "कुठं आहेस ते सांग, येतो." बास. नंतर पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायला तोच आला, चार दिवस दोघांनी फावड्याने काढला. जागेचा वाद त्यानंतरही मिटायला वर्ष गेलं, पटकन काही गोड झालं नाही, पण बसून बोलून मिटवला.

म्हणून तुम्हाला माझं मनापासून सांगणं आहे की भावना परत कशी येईल याच्या मागं लागू नका. त्या तीन अध्यायांतलं एक वचन घ्या, जे वाचताना तुम्हाला टोचतं, आणि तेवढं करा. कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत, कुणाला खोटं सांगितलंय, घरात कुणाशी अबोला आहे. मी धंद्यात "होय तर होय" पासून सुरुवात केली. आधी मालकाला बिनधास्त सांगायचो शनिवारी स्लॅब टाकतो, माहीत असायचं की सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकू लावणारा, सोमवारशिवाय येत नाही. ते बंद केलं. दोन कामं हातची गेली त्यात, खरं सांगतो. पण रात्री प्रार्थनेला बसल्यावर लपवायचं एक कमी झालं.

आणि असं वागून आपण तारण कमावतो असं मात्र समजू नका, त्या फंदात पडलात तर अजून थकाल. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात पौल स्पष्ट लिहितो की घातलेला पाया येशू ख्रिस्त आहे, दुसरा कुणी घालू शकत नाही. खडक आपण तयार करत नाही, तो आधीपासून खाली आहेच. आपण फक्त वरची माती काढायची. आणि कृपा करून येशूचा शिष्य पेत्र याला विसरू नका. ज्या रात्री तो प्रभूला नाकारणार होता त्याच रात्री प्रभूने त्याला सांगितलं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केलीय. पेत्राच्या विश्वासाची काळजी प्रभूच करत होता. तुमचीही करतोय असं मी खात्रीने मानतो.

सावकाश होतंय म्हणूनही घाबरू नका. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यानंतर पाच वर्षांनी. पाच वर्षं त्या बाई स्वतःच्या मनाशी झगडत राहिल्या, नवऱ्याने घेतला म्हणून घेतला नाही. आणि टिळकांचं अपुरं राहिलेलं ख्रिस्तायन, म्हणजे ख्रिस्ताच्या जीवनावरचं काव्य, पुढं लक्ष्मीबाईंनीच पुरं केलं.

कोरड्या प्रार्थनेबद्दल. स्लॅब टाकल्यावर आम्ही त्यावर वाफे करून पाणी भरतो, रोज. बघायला गेलं तर काहीच होत नसतं, ओला दगड नुसता. पण काँक्रीटची ताकद मोजतात ती २८ दिवसांनी, आणि मधे पाणी चुकवलं तर ते नंतर भरून निघत नाही. प्रार्थनेचं तसंच धरा, वाटो न वाटो, ठरल्या वेळी बसा. स्वतःचे शब्द नसतील तर स्तोत्रं घ्या. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे, म्हणजे देवापुढे असंही बोलता येतं. नोकरीचं पण मंडळीत उघड सांगा, पाळक साहेबांना सांगा, ज्याने बोल लावला त्याला नाही, दुसऱ्या कुणाला तरी. आमच्या मंडळीत दोघांना अशीच ओळखीतून कामं लागलीत.

आज रात्री १३ वं स्तोत्र मोठ्याने वाचा, दार लावून. सहाच वचनं आहेत. सुरुवातच "किती वेळ" अशी आहे, ती तुमचीच आहे असं समजून वाचा, आणि मी पण आज तुमच्यासाठी तेच वाचणार आहे.