मेडिकलवाला म्हणतो, ही डोक्याची गोळी

प्रश्न : सिस्टर, आमच्या मिस्टरांना लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) आहे. दर 21 दिवसांनी आर-चॉप ही किमो चालू आहे, दोन झाले. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवसापर्यंत उलट्यांनी बेजार झाले, म्हणून डॉक्टरांनी रात्रीची ओलान्झापिन ही आणखी एक गोळी लिहून दिली. मेडिकलवाला म्हणाला, ही तर डोक्याच्या आजाराची गोळी. भीतीने मी दिलीच नाही. ऑन्डान्सेट्रॉन ही उलटीवरची गोळीही उलटी झाली तरच देते. चुकतंय का?
– एक वाचक, कराड

उत्तर : चुकतंय, ताई. मेडिकलवाला खोटं बोलला नाही, अर्धं बोलला. ओलान्झापिन मूळची स्किझोफ्रेनियाचीच गोळी. पण उलटीचा निरोप मेंदूत डोपामिन-सेरोटोनिन या रसायनांच्या ज्या वाटांनी पोचतो, त्याही ती अडवते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या मळमळीला ऑन्डान्सेट्रॉन तोकडी पडते, तिथे हिचा उपयोग. झोप मात्र आणते. आम्ही वॉर्डात 10 मिलिग्रॅम द्यायचो, तेव्हा पेशंट सकाळच्या चहालाही उठत नसत. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 2.5 आणि 10 मिलिग्रॅमची तुलना केली. 2024 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात छोट्या गोळीनेही उलट्या तितक्याच आटोक्यात राहिल्या, पेंग कमी आली. तुमच्या चिठ्ठीवर किती मिलिग्रॅम आहे ते डॉक्टरांना दाखवून विचारा. रात्री ते बाथरूमला उठले की सोबत उठा, तोल जातो. आणि घरातली जुनी मेटोक्लोप्रामाइड (हीही उलटीवरचीच गोळी) मनाने देऊ नका, या गोळीसोबत ती चालत नाही.

ऑन्डान्सेट्रॉन चिठ्ठीवर लिहिल्या वेळेला, घड्याळ बघून. उलटी सुरू झाल्यावर दिलेली गोळी पोटात टिकतच नाही. आमच्याकडे एक आजोबा ‘लागली तर’ म्हणून गोळ्या वाचवायचे. शेवटच्या किमोला डबाभर उरल्या होत्या, आजोबा मात्र निम्मे झाले होते!

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारते : पोट साफ होतं का? ऑन्डान्सेट्रॉनने कोठा जड होतो, आर-चॉपमधल्या विनक्रिस्टिननेही. चार दिवस शौचाला झालं नाही की त्यानेच मळमळतं आणि आपण किमोला दोष देतो. पोट साफ होण्याचं औषध डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

किमोच्या दिवशी आवडतं म्हणून पुरणपोळी नेऊ नका, पुढे तिचा वाससुद्धा नकोसा होतो. गार पेज बरी. फोडणी ते घरात नसताना घाला.

पाणीही टिकेना किंवा ताप 100.4 फॅरनहाइट झाला, तर मला पत्र लिहीत बसू नका. त्याच रात्री हॉस्पिटलला फोन करा.