गाईड निवडताना एच-इंडेक्स किती पाहावा?

पत्र: मी सांगलीची. एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी झालं, सीएसआयआर-नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिपही मिळाली. कॅन्सरच्या मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएच.डी. करायची आहे. दोन गाईड मला घ्यायला तयार आहेत. सरांची लॅब २५ वर्षं जुनी, एच-इंडेक्स ५८. मॅडमनी ६ वर्षांपूर्वी लॅब सुरू केली, त्यांचा १६. बाबा म्हणतात, आकडा मोठा तिकडे जा. मला मॅडमचा विषय जास्त आवडतो. काय करू?

उत्तर: आधी जेआरएफबद्दल मनापासून अभिनंदन! बाबांचा मला राग येत नाही. दहावीपासून आपण मुलांना टक्क्यांवरच तोलतो, मग तेही गाईडला त्याच काट्यावर ठेवणार. पण हा काटा काय मोजतो, ते त्यांना समजावून सांग.

एच-इंडेक्स २००५ साली जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. ५८ म्हणजे सरांच्या ५८ पेपर्सचा प्रत्येकी किमान ५८ वेळा दुसऱ्या पेपर्समध्ये संदर्भ आला आहे. असे संदर्भ, म्हणजे सायटेशन, साचायला वर्षं लागतात आणि साचलेली सहसा कमी होत नाहीत. २५ वर्षं आणि ६ वर्षं यांची अशी तुलना करणं मॅडमवर अन्याय आहे.

प्रॅक्टिकलला तू लॉरी पद्धतीने प्रोटीन मोजलं असशील. फोलिन रीएजंट घालायचं, निळा रंग यायची वाट पाहायची, मग ६६० नॅनोमीटरला रीडिंग. ती पद्धत सांगणारा १९५१ चा पेपर आजवर ३ लाखांहून जास्त वेळा संदर्भात आला आहे. डीएनएची रचना सांगणारा १९५३ चा पेपर त्याच्या जवळपासही नाही. रोज लागणाऱ्या पद्धतीला सायटेशन मिळतातच, इतरांच्या संशोधनाचा आढावा घेणाऱ्या रिव्ह्यू पेपरलाही भरपूर मिळतात. त्यावरून शोध किती मोठा, हे ठरत नाही. पेटन रूस यांनी १९११ मध्ये दाखवलं, की कोंबडीच्या कॅन्सरच्या गाठीचा पेशीविरहित अर्क टोचला तरी दुसऱ्या कोंबडीत गाठ येते. कितीतरी वर्षं त्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. नोबेल मिळालं १९६६ मध्ये!

म्हणून आकडा बाजूला ठेव आणि पबमेड या वैद्यकीय पेपर्सच्या ऑनलाइन सूचीत दोघांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढ. लेखकांची यादी नीट वाच. आपल्या क्षेत्रात पहिलं नाव बहुधा बेंचवर, म्हणजे प्रयोगाच्या टेबलापाशी, राबणाऱ्याचं असतं, शेवटचं लॅबप्रमुखाचं. पहिल्या नावाच्या जागी त्याच लॅबचे पीएच.डी.चे विद्यार्थी दिसतात का? की सरांचं नाव वीसजणांच्या गर्दीत कुठेतरी मधोमध आहे? गूगल स्कॉलरवरच्या प्रोफाइलवर लगेच विश्वास ठेवू नकोस. ‘पाटील एस.’ नावाच्या दोन माणसांचे पेपर एकाच खात्यात मिसळलेले मी स्वतः पाहिलेत.

मग प्रत्येकाचा एक पेपर पूर्ण वाच, आकृत्यांसकट. वेस्टर्न ब्लॉटमध्ये (प्रोटीन ओळखायच्या चाचणीत) लोडिंग कंट्रोलची, म्हणजे प्रत्येक नमुना सारखाच घातल्याचं दाखवणारी, पट्टी आहे का? प्रयोग किती वेळा केला, ते लिहिलंय का? सेल लाइन (लॅबमध्ये वाढवलेल्या पेशी) तपासून घेतल्याचा उल्लेख आहे का? हे बारकावे मी उगीच सांगत नाही. २०१२ मध्ये अ‍ॅम्जेन कंपनीने कॅन्सरवरचे ५३ गाजलेले अभ्यास पुन्हा करून पाहिल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांतल्या फक्त ६ अभ्यासांचे निष्कर्ष जुळले. गाजलेल्या पेपरवर बांधलेला प्रकल्प तिसऱ्या वर्षी कोसळला, तर नुकसान विद्यार्थ्याचं होतं.

माझा कल विचारशील तर मॅडमकडे आहे. नव्या लॅबमध्ये गाईड स्वतः बेंचपाशी येतात, आणि विषय आवडत असेल तर पिपेट हातात धरून रात्री अकरापर्यंत थांबायचं बळ येतं. पण एक गोष्ट पाहिल्याशिवाय होकार देऊ नकोस. जेआरएफ आणि तिच्यापुढची सीनियर फेलोशिप, एसआरएफ, मिळून फेलोशिप पाच वर्षांची असते. दोन्ही लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गाठ, गाईड समोर नसताना. थीसिस कधी देणार, पहिल्या नावाचा पेपर झाला का, फेलोशिप संपल्यावर पैशांचं काय, हे मोकळेपणाने विचार. बाबांनाही सोबत ने. त्या मुलांचं बोलणं त्यांनी स्वतः ऐकलेलं बरं.