सामायिक प्रयोगशाळेत त्वचेचा पहिला नमुना देताना

बडोद्यात नवीनच रुजू झालात, तर आधी यंत्रांच्या यादीत अडकू नका. नमुना धड पोचवा, तूर्त एवढं पुरे. तपासणी कोणती, ते 4 मिमीचा पंच (त्वचेचा गोल तुकडा कापणारं पातं) मारण्याआधी ठरवा. हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीची रचना बघायला, 10 टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिन, तुकड्याच्या आकारमानाच्या किमान दहापट. इम्युनोफ्लुओरेसन्सला, म्हणजे त्वचेतली प्रतिपिंडं चमकत्या रंगाने दाखवणाऱ्या तपासणीला, मात्र मिशेल द्रावण (प्रथिनं न जखडता नमुना टिकवणारं). बहुतेक नवखे इथेच चुकतात: फॉर्मॅलिनमध्ये प्रथिनं जखडली जातात, मग प्रतिपिंडं नीट चमकत नाहीत आणि तुकडा वाया जातो. फोडांच्या आजारात दोन पंच घ्या, दुसरा, इम्युनोफ्लुओरेसन्सचा, फोडाशेजारच्या शाबूत त्वचेतून. चिमट्याने चिरडू नका.

नाव डबीवर लिहा. झाकणं अदलाबदल होतात. मे महिन्यात डबी स्कूटरच्या डिकीत मुळीच नको! आरएनए तपासणीच्या नमुन्याचं पुढच्या खेपेला बघू.