रूटने चालू केलेला वेबलॉजिक नंतर उठत नाही, तेव्हा

तुम्ही लिहिलंय की गुरुवारी भोसरीत लाइट जाऊन आल्यावर सपोर्टवाल्याने वेबलॉजिक (जावा ॲप्लिकेशन चालवणारा ओरॅकलचा सर्व्हर) रूटने, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या युजरने, चालू करून दिला, दोन दिवस छान चालला, आणि शनिवारी तुम्ही रीस्टार्ट करायला गेलात तर ‘परमिशन डिनाइड’. आता डोमेन (सर्व्हरचं सगळं कॉन्फिगरेशन असलेलं फोल्डर) नव्याने बनवायच्या विचारात आहात. कृपा करून थांबा. डोमेनला बहुतेक काहीही झालेलं नाही.

सर्व्हरच्या लॉग्स आणि डेटा फोल्डरमध्ये ‘एलएस -एल’ (ls -l, फायलींची मालकासह यादी) मारा. मालकाच्या रकान्यात ‘ओरॅकल’ (सर्व्हर चालवायचा नेहमीचा युजर) हवं तिथे काही फायलींपुढे ‘रूट’ दिसेल. सर्व्हर ज्या युजरने उठतो त्याच्याच नावावर नव्या फायली तयार होतात: लॉग, लॉक फाइल, स्टोअर. रूटला सगळीकडे लिहिता येतं, म्हणून त्या दिवशी कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्या युजरला मात्र त्या फायलींवर लिहिता येत नाही.

‘पीएस -ईएफ’ने (ps -ef, चालू प्रोसेसची यादी) जुनी जावा प्रोसेस खरंच गेली आहे ना बघा, मग अख्ख्या डोमेनवर ‘चोन -आर’ (chown -R) मारून मालकी ओरॅकलला द्या. पण त्यालाही रूटच लागतं, आणि आमचं घोडं नेमकं तिथेच अडलं होतं. खराडीला असताना क्लायंटच्या ज्या सपोर्ट डेस्कने रात्री सर्व्हर रूटने उठवला, तोच डेस्क सकाळी म्हणाला, ‘हा ॲप्लिकेशनचा प्रश्न, आमचा नाही.’ तिकीट बंद. पुन्हा उघडलं, पुन्हा बंद. एका ओळीच्या कमांडसाठी अख्खी टीम खोळंबली. रूटचे अधिकार ज्याच्या हातात, त्याने निस्तरायलाही यायला हवं. आजही त्या डेस्कचा राग येतो.

म्हणून माझं ठाम मत: तोंडी सूचनांवर विसंबू नका. स्टार्ट स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच ‘आयडी -यू’ (id -u, युजरचा क्रमांक) तपासा, शून्य, म्हणजे रूट, आलं तर तिथेच बाहेर पडा. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणारी यंत्रणा) वापरत असाल तर युनिट फाइलमध्ये युजर लिहून टाका. सपोर्टवाला रूट असला तरी सर्व्हर ओरॅकलनेच उठेल. (आमचं सगळं लिनक्सवर, वेबलॉजिक १२सी. विंडोज सर्व्हिसबद्दल मी बोलत नाही.)

आणखी एक. ग्रेसफुल शटडाउन (चालू कामं संपवून सर्व्हर बंद करणं) अडकला म्हणून लगेच ‘किल -९’ने प्रोसेस जबरदस्तीने मारू नका. त्याचा टाइमआउट मुळात ० असतो, म्हणजे चालू सेशन संपेपर्यंत तो वाट बघतच राहतो. टाइमआउट द्या, किंवा सेशन सोडून द्यायचा पर्याय वापरा. पासवर्डही कमांडमध्ये टाइप करू नका, ‘पीएस’मध्ये इतरांना दिसू शकतो. बूट.प्रॉपर्टीज (boot.properties) फाइलमध्ये ठेवा, सर्व्हर पहिल्यांदा उठताना तो स्वतःच एन्क्रिप्ट करतो.

मालकी बदलूनही उठला नाही तर लॉगच्या शेवटच्या पन्नासेक ओळी इथे टाका, आयपी आणि युजरनेम खोडून.