मुलांना ट्रॅक्टरची भीती घालावी का?

शेतावर राहणाऱ्या आईवडिलांकडून एक प्रश्न मला वारंवार येतो. "मुलं ट्रॅक्टरजवळ जातात, कितीही सांगा, ऐकत नाहीत. एकदाच चांगली भीती घातली तर?" माझं उत्तर ठामपणे 'नको' असं आहे. का, ते एका कुटुंबाच्या अनुभवावरून सांगते. त्यांची संमती घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई आली होती ती थोरल्या मुलीसाठी. मुलगी आठ वर्षांची. तिची झोप उडाली होती. वडिलांना शेतातून यायला जरा उशीर झाला की ही खिडकीला चिकटून उभी, आणि "आई, फोन लाव ना बाबांना" असा धोशा. मुलीने काही पाहिलं-ऐकलं आहे का, असं विचारल्यावर आई म्हणाली, "मॅडम, मीच दाखवलं तिला." धाकटा मुलगा चार वर्षांचा. वडील ट्रॅक्टर मागे घेत असताना तो मागच्या चाकापासून हातभर अंतरावर उभा सापडला होता. त्या धसक्याने आईने दोन्ही मुलांना समोर बसवून मोबाइलवर एका अपघाताचा व्हिडिओ दाखवला.

जी मुलगी मुळातच जपून वागायची, ती भीतीने पार खचली. ज्याच्यासाठी हा खटाटोप केला, तो दुसऱ्या दिवशी इंजिनाचा आवाज ऐकून पुन्हा धावत सुटला.

हे असंच होतं. भीती हळव्या मुलाला आधी धरते. धाकट्याला नियम तोंडपाठ होता. मी विचारलं तेव्हा त्याने घडाघडा म्हणून दाखवला, "ट्रॅक्टरजवळ जायचं नाही, चाकाखाली येतो." पण चार वर्षांच्या मुलाला नियम माहीत असणं वेगळं आणि आनंदाच्या भरात तो आठवणं वेगळं. शिवाय या वयात मुलाला वाटतं की मला बाबा दिसतायत म्हणजे बाबांनाही मी दिसतोय. आणि इंजिनाचा आवाज त्याच्या लेखी धोक्याचा नव्हताच, तो 'बाबा आले' असा निरोप होता. अशा मुलाला समजावून सुरक्षित ठेवता येत नाही. त्याच्या आणि यंत्राच्या मध्ये दार, कडी आणि एक मोठं माणूस लागतं. हे मी आईवडिलांना अगदी स्पष्ट सांगितलं: लहान मुलाच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्या आठवणीवर टाकू नका.

पुढच्या वेळी वडिलांनाही बोलावलं. आजोबाही आले, थोडे नाराजच होते. "आम्ही सगळे मडगार्डवर बसूनच मोठे झालो," ते म्हणाले. हे वाक्य मला फार ठिकाणी ऐकायला मिळतं आणि ते प्रेमापोटीच येतं. मी म्हटलं, "आजोबा, जे पडले नाहीत तेच आज हे सांगायला आहेत." मडगार्डवरून घसरलेलं मूल सरळ मागच्या मोठ्या चाकापुढे येतं. ब्रेक दाबेपर्यंत उशीर झालेला असतो. मांडीवर घेतलं तरी वडिलांचे हात स्टिअरिंगवर असतात, मुलाला धरायला तिसरा हात नसतो. ब्रिटनमध्ये तर 1998 पासून 13 वर्षांखालच्या मुलांना शेतीकामाच्या चालत्या ट्रॅक्टरवर बसू देण्यास कायद्याने मनाई आहे. ट्रॅक्टरला एक सीट, म्हणून त्यावर एकच माणूस. त्यात 'फक्त फाटकापर्यंत' अशी सूट ठेवली की मूल रोज तीच मागतं, आणि त्याचं काही चुकत नाही.

मग मी त्यांना घरी करायला एक गोष्ट दिली. ट्रॅक्टर बंद, किल्ली वडिलांच्या खिशात. वडील एकटेच सीटवर बसले. आईने धाकट्याच्या उंचीचं पिंप मागच्या चाकाला लागून ठेवलं, मग औजारामागे, मग पुढे बोनेटच्या नाकाशी. मुलं आजोबांबरोबर लांब पायरीवर. प्रत्येक वेळी वडिलांनी सीटवरून मोबाइलवर फोटो काढला. रात्री सगळ्यांनी मिळून ते पाहिले. मागच्या चाकाजवळच्या फोटोत नुसतं काळं टायर आणि मडगार्डची कड. औजारामागच्या फोटोत पिंपाचं फक्त झाकण. "पिंप कुठं गेलं?" धाकटा विचारत राहिला. वडिलांनी मला नंतर सांगितलं की इतकी वर्षं ट्रॅक्टर चालवूनही आपल्याला तिथलं काही दिसत नाही, हे त्यांनी असं कधी पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर घराचा रिवाज बदलला. वडील फाटकाशीच थांबतात, हॉर्न देतात. मुलांनी पायरीवर जायचं आणि खांबाला हात लावून उभं राहायचं, शेजारी मोठं माणूस. दोन्ही मुलं डोळ्यांना दिसल्याशिवाय ट्रॅक्टर हलत नाही. इंजिन बंद, औजार जमिनीवर, किल्ली खिशात. मग वडील स्वतः चालत पायरीपर्यंत येतात आणि आधी धाकट्याला उचलून घेतात. तो ज्यासाठी धावायचा ते त्याला आता पायरीवर मिळतं. याची तालीम त्यांनी आधी ट्रॅक्टर नसताना, खेळ म्हणून केली. वडील तोंडाने हॉर्न वाजवायचे. बंद उभ्या ट्रॅक्टरवर चढून खेळणंही थांबलं, कारण यंत्र चालू आहे की बंद, हे लहान मुलाने ठरवायचं नसतं.

मुलीचं काम वेगळं होतं. तिला मी ट्रॅक्टर काढायला सांगितला आणि "धोका कुठं आहे, तिथं रंग भर" म्हटलं. तिने सगळा कागद लाल केला, वडिलांसकट. मग आम्ही दुसऱ्या कागदावर सावकाश एकेक जागा शोधली: चाकांजवळ, औजारामागे, आणि इंजिनाची ताकद औजाराला देणारा मागचा फिरता शाफ्ट. तो साधारण मिनिटाला 540 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 9. ओढणीचं टोक किंवा सैल बाही अडकली तर ओढून काढायला वेळच उरत नाही. मोठ्यांनीही त्यावर झाकण नसताना काम करू नये. मुलीला मी एवढंच सांगितलं, "तिथं कपडा अडकतो, म्हणून तिथं जायचं नाही." रक्तपाताचं वर्णन तिला कशाला हवं?

"मग बाबांना काही होणार नाही ना?" तिने विचारलं. 'काही होत नाही' असं खोटं मी बोलले नाही. सीटमागची लोखंडी चौकट ट्रॅक्टर उलटला तर चालवणाऱ्याला वाचवते, पण पट्टा बांधला असेल तरच. (चौकट नसलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये.) स्वीडनने 1959 मध्येच नव्या ट्रॅक्टरना ही चौकट सक्तीची केली आणि पुढे तिथले उलटून होणारे मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्यांच्या ट्रॅक्टरला चौकट होती, पट्टा मात्र सीटखाली धूळ खात पडला होता. मुलीसमोर वडिलांनी तो बाहेर काढला, पुसला, बांधून दाखवला. माझ्या कितीही धीराच्या शब्दांनी झालं नसतं ते त्याने झालं. भीती खरी असेल तर मुलाला गोड बोलून चालत नाही, मोठ्यांनी काहीतरी बदललेलं त्याला दिसावं लागतं.

वडिलांची एक काळजी उरली होती: "लांबच ठेवलं तर यांना शेतीची गोडी कशी लागणार?" रास्त काळजी आहे. आता इंजिन किती तास चाललं त्याची नोंद मुलगी ठेवते. वडील मीटरवरचा आकडा सांगतात, ती वहीत लिहिते आणि ऑइल कधी बदलायचं ते तीच आठवण करून देते. झोप हळूहळू परतली. काही आठवड्यांनंतरही मूल झोपत नसेल, खात नसेल, शाळा टाळत असेल, तर मात्र समुपदेशकाकडे किंवा डॉक्टरांकडे न्यायला उशीर करू नका.

धाकटा मध्ये एकदा पाहुण्यांच्या गडबडीत पायरीवरून सुटला. वडील फाटकाशीच होते, त्यांनी इंजिन बंद केलं आणि तो पुन्हा खांबापाशी जाईपर्यंत चालू केलं नाही. ओरडा नाही, मार नाही. हंगामात कधी दुसरा चालक येतो, त्याला हा नियम ठाऊक नसतो. किल्ली देण्यापूर्वी त्याला फाटकाशी थांबवून सगळं समजावायचं काम आजोबांनी आपणहून घेतलं आहे.